चिमणीसाठी घरटी: दिसायला गोड, पण राहायला कशी?

मोबाइल उघडला की पाखरांची एकाहून एक गोजिरवाणी घरं समोर येतात. करवंटीला दोरी बांधून केलेलं झुलतं घर, जुन्या चहाच्या किटलीचं घर, लाल छपराची इवलीशी झोपडी, वारली चित्रांनी सजवलेली लाकडी पेटी, खिडकीच्या काचेला चिकटणारं पारदर्शक घर. किंमत दीडशे रुपयांपासून दोन हजारांपर्यंत. नाशिकमध्ये अशी घरटी वाढदिवसाला, वास्तुशांतीला भेट म्हणून देतात आणि २० मार्च जवळ आला की जरा जास्तच. त्या तारखेशी आपल्या गावाचं नातं आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारानं २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जातो. टाइम मासिकानं २००८ मध्ये पर्यावरणाच्या शिलेदारांच्या यादीत दिलावर यांचं नाव घेतलं होतं. चिमणीसाठी बाल्कनीत घर टांगायची सवय या शहराला आहे, म्हणून बाजारात मिळणाऱ्या घरांची नीट पारख करणंही इथंच जास्त गरजेचं आहे.

पारख एकाच कसोटीवर करायची: या घरात अंडी घातली गेली तर पिल्लं सुखरूप उडतील का? रंग, आकार, फोटोत कसं दिसतं, हे सगळं त्यानंतर. आणि स्पष्ट सांगायचं तर फोटोत सर्वांत सुंदर दिसणारी बहुतेक घरटी या कसोटीवर नापास होतात.

जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये चिमणीला कोणी घर बांधून देत नव्हतं. तुळई आणि भिंत यांच्यामधली फट, कौलांखालचे वासे, वीतभर खोल देवळी, भिंतीवर तिरक्या टांगलेल्या फोटोंच्या मागची जागा, एवढं तिला पुरत होतं. या सगळ्या जागांत काही गोष्टी सारख्या होत्या: अंधार, अरुंद तोंड, जाड भिंत आणि डोक्यावर न तापणारं छप्पर. नव्या इमारतीत सरकत्या खिडक्या आणि गुळगुळीत भिंती आल्या, फटी गेल्या. मग चिमणी विजेच्या मीटरच्या पेटीत, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे, गिझरच्या पाइपच्या भोकात घरटं करायला लागली. विकत घ्यायचं घर त्या फटीची जागा घेणारं हवं. लाकडी पेटी हा त्यातला सर्वांत सोपा पर्याय, आणि त्यात पहिली गोष्ट तपासायची ती तिचं भोक.

घरचिमणीसाठी गोल भोक ३२ मिमी व्यासाचं हवं. दुकानात मोजपट्टी नसते, तेव्हा खिशातलं दहा रुपयांचं नाणं काढा. ते २७ मिमीचं असतं. भोकाच्या मधोमध धरलं तर चहूबाजूंनी साधारण अडीच मिमी फट दिसली पाहिजे. नाणं अडकलं तर चिमणीही अडखळेल. नाण्याभोवती बोट फिरेल एवढी जागा राहिली तर ते घर चिमणीचं राहणार नाही, कारण भोक ४० मिमीच्या पुढे गेलं की साळुंकी आत शिरते आणि चिमणीचं घरटं उपसून बाहेर टाकते. ऑनलाइन मिळणाऱ्या पाइनच्या झोपड्यांमध्ये ३८ ते ५० मिमीची भोकं सर्रास दिसतात. काही ठिकाणी तर भोक हृदयाच्या किंवा चांदणीच्या आकाराचं असतं. त्या टोकदार कोपऱ्यांत पंखांची पिसं अडकतात.

भोकाची जागाही पाहा. भोकाची खालची कड आतल्या तळापासून किमान १२ ते १३ सेंमी वर हवी. ते खाली असेल तर कावळा चोच घालून पिल्लू ओढतो, मांजर पंजा घालते, आणि पिल्लं घास मागायला पुढे येताना वेळेआधी बाहेर पडतात. विक्रीच्या पानावर हे माप सहसा देत नाहीत. उत्पादनाच्या फोटोत पेटीची एकूण उंची दिलेली असते, तिच्यावरून अंदाज काढावा: एकूण उंची १५ सेंमी असेल तर भोक योग्य जागी असणं शक्यच नाही.

भोकाखाली एक छोटी काडी ठोकलेली असते, बसायला. तिची चिमणीला गरज नाही. ती थेट भोकाच्या कडेला नखं रोवून लटकते आणि आत जाते. काडीचा फायदा होतो तो बाहेर टपून बसणाऱ्या साळुंकी-कावळ्याला. घर बाकी चांगलं असेल तर काडी पकडीनं उपटून टाका आणि राहिलेलं छिद्र लाकडाच्या भुशात फेविकॉल कालवून बुजवा.

आता लाकूड. बाजारातल्या स्वस्त पेट्या ४ ते ६ मिमी जाडीच्या असतात, बऱ्याचशा एमडीएफच्या. एमडीएफ म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेला तक्ता. नाशिकच्या पहिल्याच पावसात तो कडांपासून फुगतो, खिळे सैल होतात आणि तळ गळून पडतो. तळ गळतो तेव्हा आत पिल्लं असू शकतात, म्हणून लेसरनं कापलेली नक्षीदार पेटी कितीही देखणी असली तरी ती घरातल्या फळीवर शोभेला ठेवावी. प्लायवूड असेल तर कुठलं ते विचारा. साधं कमर्शियल प्लाय एक पावसाळा कसंबसं काढतं. मरीन प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो, ते टिकतं, पण महाग पडतं. या कामासाठी सगळ्यांत चांगलं साधं घन लाकूड, १५ ते १८ मिमी जाडीचं. एप्रिल-मे महिन्यांत इथं पारा ४० अंशांच्या आसपास जातो, तेव्हा ही जाडीच आतल्या पिल्लांना वाचवते. पातळ पेटी त्या उन्हात भट्टी होते.

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमधून निघालेलं पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन लाकूड भंगारवाल्यांकडे आणि वखारींत स्वस्त मिळतं. ते घेताना फळीवरचा शिक्का बघा. गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असतं, त्याच्या शेजारी एचटी लिहिलेलं असेल तर लाकूड फक्त तापवून निर्जंतुक केलेलं आहे, ते बिनधास्त घ्या. एमबी लिहिलेलं असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते सोडून द्या. तेलाचे, रसायनाचे डाग असलेली फळीही नको.

सुताराकडून करून घेतलेली पेटी माझ्या मते पैशाला सर्वांत जास्त न्याय देते. ६ इंच रुंद, ४ फूट लांब, १८ मिमी जाड अशी एक फळी पुरते, फक्त छपरासाठी थोडा रुंद तुकडा वेगळा लागतो. मापं अशी सांगा. पाठ ३५० मिमी. पुढची बाजू २२० मिमी. दोन बाजू, प्रत्येकीची मागची कड २७० आणि पुढची २२०, म्हणजे ४९० मिमीचा तुकडा मधून तिरका कापला की दोन्ही निघतात. तळ ११४ मिमी, तो दोन बाजूंच्या मध्ये बसतो. छप्पर २२० बाय २०० मिमी, म्हणजे पुढे ४-५ सेंमी वळचण निघते. भोकाचा मध्य पुढच्या फळीच्या खालच्या कडेपासून १६५ मिमीवर. भोक पाडायला ३२ मिमीचा होलसॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, लागतो, तो बहुतेक सुतारांकडे कुलूप बसवायच्या संचात असतो. पाठ ३५० ठेवली की वर आणि खाली ४-४ सेंमी पट्टी उरते आणि स्क्रू मारायला जागा मिळते. खिळे वापरू देऊ नका. लाकूड भिजून-वाळून खिळे सुटतात. दीड इंची स्क्रू हवेत, गंज न चढणारे.

सुतार हमखास दोन गोष्टी करतो. एक, आतून रंधा मारून सगळं गुळगुळीत करतो. त्याला सांगायचं, पुढच्या फळीची आतली बाजू खरखरीत राहू दे, उलट करवतीनं भोकाखाली आडव्या रेघा ओढ. पिल्लांना उडायच्या दिवशी त्याच रेघांना धरून वर चढायचं असतं. दुसरं, पॉलिश मारतो. आत कसलाही रंग, वॉर्निश, पॉलिश नको. बाहेरून कच्चं जवसाचं तेल दोन हात लावलं तरी लाकूड पावसाला तोंड देतं. तळाला कोपऱ्यांत ५ मिमीची चार छिद्रं पाणी निघायला, दोन्ही बाजूंना वळचणीखाली दोन-दोन छिद्रं हवा खेळायला. छप्पर बिजागरीवर आणि समोर कडी, म्हणजे साफ करता येतं. बिजागरीच्या फटीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मारली की पाणी झिरपत नाही. मजुरी, लाकूड धरून साधारण तीनशे ते साडेचारशे रुपयांत ही पेटी होते, आणि चार-पाच पावसाळे सहज काढते.

मातीची मडकी हा दुसरा चांगला पर्याय, आणि नाशिकला कुंभारवाडा अजून जागा आहे म्हणून तो आपल्याला सोपा आहे. युरोपात हॉलंड-बेल्जियमच्या भागात सोळाव्या शतकापासून घरांच्या भिंतींवर अशी मडकी टांगत. पण ती पिल्लं काढून खाण्यासाठी होती. त्यासाठी मागच्या बाजूला हात घालायला मोठं भोक ठेवलेलं असे. तीच रचना आज साफसफाईला उपयोगी पडते: मडक्याचं तोंड भिंतीकडे करायचं आणि पक्ष्यासाठीचं भोक पुढे पोटावर. वर्षातून एकदा मडकं उतरवलं की तोंडातून जुना काडीकचरा काढता येतो.

कुंभाराला काम सांगताना मात्र एक माप चुकतं आणि सगळं वाया जातं. ३२ मिमी हे भाजून झाल्यानंतरचं माप आहे. माती वाळताना आणि भट्टीत भाजताना आकसते, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणून भोक ओल्या मातीत ३५ मिमीचं कापायला हवं. नंतर पाडू म्हणून ठेवलं तर भाजलेल्या मडक्याला ड्रिल लावताच तडा जातो. भोक कापायची वेळ म्हणजे चाकावरून उतरवून एक-दोन दिवस सावलीत सुकलेलं, दाबलं तर न चेपणारं पण नखानं कोरता येणारं मडकं. पोटाचा आतला व्यास १५ सेंमी तरी हवा, आणि खालच्या अंगाला बोरूएवढं एक छिद्र. आतून हात फिरवून चाकाच्या रेघा पुसू नका असं सांगा, कारण गुळगुळीत मातीवर पिल्लांचे पाय घसरतात. रंग, झिलई काही नको, साधी लाल माती. मडक्याची जमेची बाजू म्हणजे खारीपासून बचाव. लाकडी पेटीचं भोक खार कुरतडून मोठं करते आणि स्वतः राहायला येते. मडक्यापुढे तिचं काही चालत नाही. लाकडी पेटीला याच कारणासाठी भोकाभोवती पत्र्याची चकती ठोकतात. पेटी घेतानाच ती मागा, वीस-तीस रुपयांचं काम आहे. मडक्याची उणी बाजू वजन. दोरीनं टांगलेलं मडकं वाऱ्यात ग्रिलवर आपटून फुटतं, म्हणून गळ्याला जाड गॅल्वनाइज तारेचा वेढा देऊन भिंतीतल्या हुकाला घट्ट बांधावं.

बाकीची मंडळी भराभर पाहू.

करवंटीचं घर फोटोत फार गोड दिसतं, पण आतली जागा १० सेंमीच्या आसपास. चिमणी गवताचा चांगला मोठा गोळा आत कोंबते, चार-पाच पिल्लं वाढवते. एवढ्या जागेत ती दाटून मरतील. करवंटीत दाणे ठेवा, त्यासाठी ती छान आहे.

किटलीचं घर ही कल्पना इंग्लंडमधून आली आहे. तिथला रॉबिन हा पक्षी उघड्या तोंडाच्या जागेत घरटं करतो, टाकून दिलेल्या किटलीत तो खरोखर राहतो. आपल्या चिमणीला अंधारी, बंद जागा लागते, आणि आपल्या उन्हात पत्र्याची किटली दुपारी हात लावू देत नाही.

पारदर्शक अॅक्रिलिकचं घर घेऊच नका. चिमणी उजेडात अंडी घालत नाही, आणि घातलीच तर आतली उष्णता पिल्लांना सोसत नाही. शिवाय काचेला चिकटवायचे रबराचे कप उन्हात मऊ पडतात आणि घर खाली येतं.

काथ्याचे, गवताचे विणलेले लोंबते गोळे पिंजऱ्यात पाळायच्या फिंच नावाच्या पक्ष्यांसाठी बनवलेले असतात. पावसात त्यांना बुरशी येते आणि सुटलेल्या धाग्यांत पाय अडकतात.

वारली चित्रांच्या पेटीवर मात्र थोडं थांबायला हवं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांत वारली लोक राहतात आणि ही चित्रं आपल्या जिल्ह्याला परकी नाहीत. चित्रामुळे चिमणीचं काही बिघडत नाही, फक्त तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. रंग बाहेरच्या अंगालाच हवा, भोकाच्या कडेला आणि आत अजिबात नको. अॅक्रिलिक रंग वाळला तरी वास काही दिवस राहतो, म्हणून रंगवलेली पेटी दोन-तीन आठवडे वाऱ्यावर ठेवून मग लावावी. आणि गेरूसारखा गडद रंग ऊन ओढून घेतो, म्हणून ती पूर्ण सावलीतच लावावी. वरून चकचकीत लॅकर मारलेली असेल तर घेऊ नका. अशा पेटीच्या चित्रात भोकाशेजारी नाचणारी माणसं आणि वर घर, अशी मांडणी केलेली असली की ती भिंतीवर जी शोभा आणते, ती साध्या पेटीला येत नाही हे खरंच. पेटीचं माप बरोबर असेल तर चित्राचे जास्तीचे दोनशे रुपये आनंदानं द्यावेत.

काही विक्रेते पेटीत कापूस किंवा भुसा भरून पाठवतात. तो काढून टाका. कापूस ओला झाला की वाळत नाही आणि त्याचे तंतू पिल्लांच्या पायांना गुंडाळतात. पेटी रिकामीच द्यायची, भरायचं काम तिचं.

पेटी लावणे

चांगली पेटी चुकीच्या भिंतीवर लावली की वाया जाते. नाशिकला पाऊस आणि वारा प्रामुख्यानं पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो आणि दुपारचं ऊनही पश्चिमेचंच, म्हणून भोकाचं तोंड पूर्वेला, ईशान्येला किंवा उत्तरेला. उंची ८ ते १० फूट. इलेक्ट्रिशियनला बोलवून दोन भोकं पाडून घ्या, ८ मिमीची प्लास्टिक गिट्टी आणि दोन इंची स्क्रू. पेटी हलता कामा नये. झुलणाऱ्या पेटीत चिमणी फार क्वचित राहते. एसीच्या बाहेरच्या युनिटपासून निदान तीन-चार फूट दूर, कारण त्याची गरम हवा आणि थरथर दोन्ही त्रासाच्या. विंड चाइम शेजारी असेल तर ती दुसरीकडे हलवा. खोलीच्या आत पेटी लावायची हौस टाळा, छताचा पंखा चिमणीचा काळ आहे.

कबुतरांसाठी बाल्कनीला जाळी लावलेली असेल तर तिचं भोक मोजा. ५० मिमीच्या जाळीतून चिमणी सहज ये-जा करते आणि कबुतर अडतं. १९ मिमीची जाळी दोघांनाही अडवते. जाळीवाल्याला काम देण्याआधी हे सांगितलं तर खर्च तेवढाच येतो.

लावायची वेळ डिसेंबर-जानेवारी. फेब्रुवारीपासून नर जागा शोधायला लागतात. पेटी आवडली की काळ्या गळ्याचा नर भोकाशी किंवा छपरावर बसून एकाच सुरातलं, एकाच लांबीचं चिव-चिव तासन्‌तास करत राहतो. मध्येच आत डोकं घालतो, बाहेर येऊन पंख थरथरवतो, पुन्हा तेच. मादी आली की ती आधी भोकात अर्धी शिरून आतला अंदाज घेते. तिच्या चोचीत पहिली गवताची काडी दिसली की घर ठरलं. पण आसपास चिमण्याच नसतील तर कितीही उत्तम पेटी रिकामी राहते. चिमणी फार दूर जात नाही, जन्मली त्याच वस्तीत आयुष्य काढते. म्हणून पैसे खर्च करण्याआधी सकाळी गच्चीवर जाऊन कान द्या. जुन्या गावठाणात, भुसार दुकानांच्या आसपास आवाज हमखास येतो. आवाज येत नसेल तर आधी दाणा-पाणी सुरू करा, पेटी वर्षभरानं.

चिमण्या शेजारी शेजारी राहतात म्हणून तीन भोकांची चाळीसारखी पेटी विकतात. तीनही खोल्या भरतीलच असं नाही. बऱ्याचदा एक तगडा नर शेजारची भोकंही अडवून बसतो. त्याच पैशांत दोन सुट्या पेट्या घेऊन चार-पाच फुटांवर लावणं जास्त फायद्याचं.

दाणा आणि पाणी

दाण्याची फीडर घेताना कबुतराचा विचार आधी करा. रुंद ताटलीची फीडर म्हणजे कबुतरांना आमंत्रण. बसायची कड ३-४ सेंमीचीच हवी, किंवा फीडरभोवती दीड इंची वेल्डमेश जाळीचा पिंजरा हवा, ज्यातून चिमणी आत जाते आणि कबुतर बाहेर राहतं. उलट्या बाटलीच्या फीडर स्वस्त आणि चांगल्या, पण पावसाळ्यात खालच्या तोंडाशी दाणा भिजून लापशी होते आणि वरचा दाणा उतरत नाही. बुरशी लागलेली बाजरी पक्ष्यांना विषासारखीच. जून ते सप्टेंबर एका दिवसाचाच दाणा भरा. दहा-बारा चिमण्यांना मूठभर, साधारण ५० ग्रॅम, पुरतो. बाजरी, राळा, तांदळाची कणी उत्तम. शेव, फरसाण, बिस्किटं, पाव नको. मीठ त्यांना झेपत नाही आणि पावानं नुसतं पोट भरतं. फीडर पेटीपासून दहा-पंधरा फूट दूर ठेवा, नाहीतर फीडरवरच्या गर्दीनं घरटं करणारी जोडी बिथरते.

पिल्लांना मात्र दाणा चालत नाही. पहिले काही दिवस त्यांना किडे-अळ्याच लागतात. जास्वंदीवरचा मावा, कढीपत्त्यावरच्या बारीक अळ्या, हे त्यांचं अन्न. ज्या बाल्कनीत पेटी आहे तिथल्या कुंड्यांवर कीटकनाशक फवारायचं नाही. दुकानातली कोणतीही फीडर याची भरपाई करत नाही.

पाण्यासाठी महागडं बर्डबाथ नको. कुंभाराकडचं १०-१२ इंची पसरट परळ, खोली दोन इंच, मधे एक खडबडीत दगड. पाणी रोज बदला आणि आठवड्यातून एकदा काथ्यानं घासा, साबण न लावता. साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत पुरी होते, रोज बदललं तर तो प्रश्नच येत नाही. शेजारी एका तसराळ्यात कोरडी बारीक माती ठेवलीत तर चिमण्या त्यात लोळून अंग घासतील. पाण्याच्या अंघोळीइतकीच ही धुळीची अंघोळ त्यांना लागते, आणि पाच-सहा चिमण्या त्यात एकदम उतरल्या की बघत राहावंसं वाटतं.

कॅमेरा

पेटीतल्या पिल्लांची जी चित्रफीत पाहून लोक हळवे होतात ती पेटीच्या आत बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्यानं घेतलेली असते. घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी पाहा. घराच्या सुरक्षेसाठीचा वायफाय कॅमेरा जवळचं धूसर दाखवतो, कारण त्याची भिंगाची जुळणी दूरसाठी केलेली असते. १५ सेंमीवर स्पष्ट दिसेल असं हातानं जुळवता येणारं भिंग हवं. अंधारातल्या प्रकाशासाठी ९४० नॅनोमीटरचे दिवे असलेला घ्या. ८५० नॅनोमीटरचे दिवे मंद लाल चमकतात. आणि कॅमेरा छताला आतून बसतो, म्हणून पेटी वर सांगितलेल्या मापापेक्षा ८ ते १० सेंमी उंच करून घ्या. भोक आहे तिथेच ठेवा, उंची त्याच्या वर वाढवा. हे सगळं डिसेंबरातच बसवा. अंडी घातल्यावर पेटी उघडली तर मादी घरटं सोडून जाऊ शकते. खर्च दीड-दोन हजारांच्या घरात जातो. पेटी बरोबर नसेल तर हा पैसा फुकट, म्हणून पहिल्या वर्षी कॅमेरा नको असंच मी म्हणेन.

सफाई

अंडी उबवायला ११ ते १४ दिवस, पिल्लं उडायला आणखी दोन-अडीच आठवडे. एक वीण संपली की तीच जोडी बऱ्याचदा त्याच पेटीत पुन्हा अंडी घालते, म्हणून पहिली पिल्लं उडाली की लगेच साफ करायला धावू नका. सलग दोन-तीन आठवडे ये-जा दिसली नाही, तर तोंडाला मास्क, हातात मोजे घालून जुनं घरटं काढा. आत उकळतं पाणी ओता, कडक उन्हात वाळवा. फिनाइल, ढेकणाचं औषध यांपैकी काही वापरू नका. काढलेलं घरटं उलगडून बघा. त्यात नायलॉनचा दोरा, केसांचा गुंता, प्लास्टिकची सुतळी सापडली तर ती कुठून आली ते शोधा. संक्रांतीनंतर आपल्याकडे गच्च्यांवर, झाडांवर, तारांवर मांजा लोंबत राहतो आणि चिमण्या तो घरट्यात विणतात. पिल्लू वाढतं तसा दोरा पायात रुततो, आणि उडायच्या दिवशी ते घरट्यालाच बांधलेलं राहतं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सोसायटीची गच्ची आणि आवारातली झाडं हाताला येतील तिथपर्यंत मांज्यापासून मोकळी केली, तुकडे पिशवीत बांधून कचऱ्यात दिले, की फेब्रुवारीत घरटी बांधायला सुरुवात होण्याआधी काम झालेलं असतं.